रंजीताच्या बाटल्या

रंजीता हल्ली माझ्याशी फोनवर फार नीट बोलते. "हो आई." "ठीक आहे आई." "तू तुझी काळजी घे." वाक्यं पूर्ण, आवाज मऊ. पूर्वी ती अशी बोलत नसे. अर्ध्या वाक्यावर भांडायची, फोन ठेवून द्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून भाजी काय केली विचारायची. हा नवा आवाज मी ओळखते. एकदा माझा फोन चालू असतानाच ती कामाला लागली होती, तेव्हा ऐकला होता. कुणा गिऱ्हाइकाला सांगत होती, "सर, आज एवढंच. मी तुमच्यासाठी पाणी आणते." तोच आवाज आता माझ्या वाट्याला आला आहे. ही पोरगी आता आयुष्यभर माझ्याशी अशीच बोलणार की काय, या भीतीने मला झोप लागत नाही. शाळेत फळ्यावर लिहितानाही ती मनातून जात नाही.

रंजीता माझी एकुलती एक मुलगी. वय सव्वीस. चंद्रपूरच्या एका मोठ्या हॉटेलात ती बारटेंडर आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. गावात मी सांगत आले की ती हॉटेलात हिशेबाचं काम बघते.

आमचं गाव आरमोरीच्या आत, जंगलाला लागून. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रंजीताचे बाबा, धनराज, वडशाला राइस मिलमध्ये आहेत, आठवड्याला घरी येतात. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे ती माझ्या लग्नाच्याही आधीपासून. पण कागदावर बंदी असली की गावात दारू येत नाही असं थोडंच आहे. म्हणून इथल्या बायांनी संघटना केली. इंदुताई अध्यक्ष झाल्या आणि मॅडमना लिहिता-बोलता येतं म्हणून मी सचिव झाले. पूजेला देवापुढे लागते तेवढी मोहाची दारू आम्ही कधी अडवली नाही. बाकी जी सापडेल ती गावदेवी मातामायच्या ठाण्यापुढे नेऊन मातीत ओतायची, असं ठरलं. पोलिसांत जायचं नाही. ज्याने आणली त्याने मातामायपुढे हात जोडून "पुन्हा गावात आणणार नाही" म्हणायचं आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं नाव घ्यायचं. आणखी एक नियम आहे. ज्या घरात बाटली सापडली, त्या घरच्या बाईनेच ती ओतायची. नवऱ्याची बाटली बायकोच्या हाताने रिकामी झाली की तिच्या अंगात बळ येतं, असं माझं म्हणणं होतं. तो नियम मीच सुचवला होता.

रंजीताचं हे सगळं सुरू झालं माझ्या भावाच्या सोड्याच्या गाडीवर. लोकेश वडशाला राहतो. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटकं चालतात, तेव्हा तो गोळीसोड्याची गाडी घेऊन फिरतो. रंजीता सुट्टीत त्याच्याबरोबर जायची. मामा पैसे घ्यायचा आणि ही लिंबू पिळायची, काळं मीठ टाकायची. लोकेश मला सांगायचा, "ताई, तुही पोरगी मानसाचं तोंड पाहून लिंबू पिळते. कोनाले आंबट पाहिजे, कोनाले गोड, तिले इच्यारा लागत नाई." मी हसायचे. नाटक बघायला आलेले लोक पडदा पडायची वाट न पाहता उठून तिच्याकडे सोडा प्यायला यायचे, याचं मला कौतुकही वाटायचं.

बारावीनंतर तिने नागपूरला हॉटेलचा डिप्लोमा करायचं ठरवलं. मी डी.एड. सुचवलं होतं. मग म्हटलं, ठीक आहे, स्वागतकक्षात बसेल, साडी नेसेल, पाहुण्यांना नमस्कार करेल. कॉलेजने तिला प्रशिक्षणासाठी एका हॉटेलात पाठवलं, तिथे एका लग्नाच्या पार्टीत बारवरचा मुलगा आला नाही म्हणून तिला ग्लास आणि बर्फ द्यायला उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. किती प्रकारचे ग्लास असतात, कोणता का वापरतात, लिंबाची साल कशी पिळली की नुसता वास उतरतो, असं काय काय सांगत होती. मी विचारलं, स्वागतकक्षात कधी बसवणार? ती म्हणाली, "आई, मले इथीच राहायचं हाये. बारवर."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

नागपुरात ती मदतनीस म्हणून राहिली. बर्फ फोडायचा, ग्लास पुसायचे, पेटीभर लिंबं कापायची. लिंबाच्या रसाने तिच्या बोटांना भेगा पडल्या. घरी आली की ती हात ओढणीआड घ्यायची, मी खोबरेल गरम करून द्यायचे, पण भेगा कशाच्या हे दोघीही बोलायचो नाही. खोलीवर ती रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून ओतायचा सराव करायची, न मोजता अचूक माप पडायला हवं म्हणून. तिथल्या मॅनेजरने तिला तीनदा सांगितलं म्हणे की मुलीसाठी समोरचं काउंटर बरं. तिने तिन्ही वेळा नाही म्हटलं. एक गिऱ्हाईक रोज येऊन "आज मॅडमच्या हातची" म्हणायचं. तिने त्याला एक दिवस नुसता लिंबूसोडा दिला आणि सांगितलं की माझ्या हातचं सगळ्यात चांगलं हेच आहे. तो माणूस पुढे सोडाच मागू लागला. हा किस्सा तिने तिच्या बाबांना सांगितला होता. मला त्यांच्याकडून कळला.

चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी उठली तेव्हा तिथे नवी हॉटेलं निघाली. तिला एका हॉटेलात बारटेंडरची जागा मिळाली. घराजवळ येतेय म्हणून ती खूश होती. मी नव्हते. नागपूर लांब होतं. चंद्रपूरला आमच्या गावचे लोक दवाखान्यात जातात, महाकालीच्या यात्रेला जातात. कुणीतरी तिला तिथे बाटल्यांसमोर उभं पाहिलं तर, याच विचाराने मी दर चैत्रात घाबरून असायचे.

एकदा मी तिला सरळ विचारलं, तू पितेस का?

"चव पाहतो," ती म्हणाली. "एक थेंब. आचारी मीठ पाहते तसं. मंग चूळ भरतो." मग तिला चेव आला. "आई, जास्त झाली म्हनून मी रोज कितीक लोकायले थांबवतो. तुमची संघटना वर्षाले तेवढे थांबवत असन का?"

मला ते लागलं. पण त्या दिवशी आम्ही नीट भांडलो होतो. ते भांडण आता मला हवंसं वाटतं.

यंदा चैत्रात मोहफुलं पडायला लागली आणि तिचा फोन आला. नागपुरात बारवाल्यांची एक स्पर्धा होती. तिथे नाव झालं तर ताडोबाकडच्या एका रिसॉर्टमध्ये संपूर्ण बार तिच्या हातात येणार होता, हे मला नंतर कळलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, सुट्टी घेऊन येऊन राह्यली. यंदा असं काई बनवतो का तुले पन पेता येईन." मी 'पेता' एवढाच शब्द ऐकला आणि विषय बदलला.

ती आली ती मोठी बॅग घेऊन. पहाटे उजाडायच्या आत इंदुताईंबरोबर आमच्या बांधावरच्या झाडांखाली फुलं वेचायला गेली. इंदुताई परत येताना अंगणात थांबून म्हणाल्या, "मॅडम, तुमची शहरातली पोरगी अजून वाकते बरं. टोपली माह्याहून भरली तिची." मी शाळेत गेले. दिवसभर तिने मागच्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. संध्याकाळी घरी आले तर घरभर मोहाचा वास. आमच्याकडे हा वास आला की दुसरा काही विचार मनात येतच नाही.

मी म्हटलं, वास फार येतोय. ती चुलीपुढून म्हणाली, "पाक हाये आई. उद्या दाखवतो तुले." फळीवर बाटल्या वाळत ठेवल्या होत्या. लांब मानेच्या, जाड बुडाच्या, लेबलं खरवडून काढलेल्या. हॉटेलातल्या होत्या हे सांगायला नको. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर काही वेगळंच निघालं तर सचिव म्हणून मला काहीतरी करावं लागलं असतं. मी भाताला आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई विरजण मागायला आल्या. त्या शेजारच्या, संघटनेत पहिल्यापासून. त्यांनी भरलेल्या बाटल्या पाहिल्या, वास घेतला आणि विरजण न घेताच गेल्या. दिवस मावळायच्या सुमारास त्या, इंदुताई आणि इतर बाया आमच्या फाटकात उभ्या राहिल्या. रंजीता नुकतीच न्हाऊन बाहेर आली होती, केस ओले.

"काकू, पाक हाये तो," ती हसून म्हणाली. "फुलं उकळून केला."

"सब्बेच पाक म्हनतेत, माय," गिरजाबाई म्हणाल्या. "अन् पाक असते त असल्या बाटल्यायत काऊन?"

इंदुताई माझ्याकडे बघत होत्या. "मॅडम, तुमी सांगा."

एका बाटलीचं बूच काढून बोट बुडवलं असतं तर झालं असतं. पण गिरजाबाईंचा प्रश्न तिथेच होता. असल्या बाटल्यांत का? याचं उत्तर द्यायचं तर मुलगी बारमध्ये काम करते हे सांगावं लागलं असतं, हिशेबाचं काम खोटं ठरलं असतं. रंजीता उत्तर द्यायला तोंड उघडत होती. ती सांगणारच होती, तिला लाज वाटत नव्हती. ती बोलायच्या आत मी म्हटलं, "चला, ओतून टाकू."

रंजीताने माझ्याकडे पाहिलं. बाटल्या तिनेच टोपलीत ठेवून दिल्या.

मातामायपुढे बाया नेहमीसारख्या नाकाला पदर लावून लांब उभ्या राहिल्या. अंधारत आलं होतं. घरची बाई म्हणून ओतायचं मलाच होतं. पहिली बाटली मी डोळे मिटूनच ओतली. दुसरीचं बूच काढताना माझा तळहात बाटलीच्या मानेला चिकटला. दारू चिकटत नाही. मी बाटली वाकडी केली तर धार पडेना, जाडसर तार सुटली, सावकाश. मला कळलं. मी तेव्हा थांबू शकत होते. बाया पाच-सात पावलांवर होत्या. मी ती बाटली रिकामी केली, तिसरी उचलली, आणि टोपली संपेपर्यंत ओतत राहिले.

मग रंजीता पुढे आली. तिने हात जोडले आणि मातामायकडे बघत, कुणालाही पुन्हा विचारावं लागणार नाही इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "पुन्हा गावात आणणार नाही."

घरी आल्यावर ती भांडेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने बॅग भरली. मी जेवायला वाढलं तर जेवली. ताट धुवून ठेवताना, माझ्याकडे पाठ असताना, तिने एवढंच विचारलं, "आई, दुसऱ्या बाटलीतच समजलं होतं ना तुले?"

"काय?" मी म्हटलं.

"काई नाई."

सकाळच्या पहिल्या एसटीने ती गेली. शाळेत जाताना मी मातामायवरून गेले. ओतलेल्या जागी माती काळी झाली होती, जवळ गेले तर मुंग्या. हजारो मुंग्या, रांगा दूर भिंतीपर्यंत गेलेल्या. दारूवर मुंग्या येत नाहीत हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. मी इकडेतिकडे पाहिलं, चपलेने बाजूची माती ओढली आणि ती जागा झाकून टाकली. मग शाळेत जाऊन परिपाठ घेतला.

धनराज त्या आठवड्यात घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, मुंग्यांचं सोडून. ते म्हणाले, "स्पर्धेत एक पेय दारूचं कराचं होतं अन् एक बिनदारूचं. बिनदारूच्यासाठीच आली होती ते इथी. मले म्हने, बाबा, आईच्या गावात दारूचा थेंब नाई नेत मी. तुनं इच्यारलं नाई तिले?" मी नाही म्हटलं. ते उठून बाहेर जाऊन बसले.

स्पर्धा झाली. रंजीताने गुळाच्या पाकावर भागवलं असं तिच्या बाबांना सांगितलं. मी विचारलं तर तो नवा, नीट आवाज आला. "झाली आई. ठीक झाली. तू जेवलीस का?"

आज संध्याकाळी इंदुताई आल्या होत्या, बरोबर गिरजाबाई. उद्या ग्रामसभा आहे. सापडलेल्यांची नावं सभेत सचिवाने घ्यायची असतात, म्हणजे मी. इंदुताईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मॅडम, मी काय म्हनतो, रंजीताचं नाव नका घेऊ उद्या. लेकरू हाये. चुकलं असन एकडाव. तुमी येवढं केलं गावासाठी, गाव येवढं नाई करन का तुमच्यासाठी?"

मी काही बोलायच्या आत गिरजाबाई म्हणाल्या, "माह्या कोलूचं नाव घेतलं तवा कोनी लेकरू नाई म्हनलं."

इंदुताईंनी त्यांना गप्प बस म्हणून खूण केली. गिरजाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज चढलाही नाही. "खरं हाये ना, बाई? लग्नासाठी एक बाटली आनली होती त्यानं. तुमीच घेतलं होतं नाव. आता तेलंगणात मिरची तोडाले जाते त पोळ्यालेबी नाई येत घरी. लाजते."

कोलू त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी. सभेत मी त्याचं नाव वाचलं तेव्हा तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, तेही मला आठवतं. त्याच्या बाटलीत दारू होती. मी गिरजाबाईंना आणखी चहा विचारला. त्या नको म्हणाल्या. जाताना इंदुताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "झोपा मॅडम. आमी पाहून घेऊ."

उद्या मी नाव घेतलं तर माझी मुलगी गावाच्या लेखी दारू आणणारी ठरेल, तिने न आणलेल्या दारूची. नाव गाळलं तरी तेच ठरेल, वर गावाने तिच्यावर दया केली असं होईल आणि गिरजाबाईंना ते कायम बोचत राहील. दोन्हीकडे मी सुटते, रंजीता अडकते. तिने मातामायपुढे शपथ घेतली आहे आणि ती शपथ पाळणारी आहे. तिचं कामच बाटल्यांचं. त्या गावात आणायच्या नाहीत म्हणजे तिने यायचंच नाही, असा अर्थ ती काढेल. न भांडता काढेल. कोलूसारखीच पोळ्याला येणार नाही आणि फोनवर मला काळजी घे म्हणेल.

तिला आता फोन केला तर ती उचलेल, तिचं काम या सुमारास संपतं. पण मला माहीत आहे ती काय म्हणेल. "राहू दे ना आई, झालं ते झालं." तेवढं ऐकलं की मला बरं वाटेल, आणि उद्या मी पुन्हा काहीच बोलणार नाही.

म्हणून आधी इंदुताईंना करायचा. त्या झोपल्या असतील, पहाटे फुलं वेचायला उठतात. झोपमोड होईल, होऊ दे. सकाळपर्यंत थांबले तर अंगण झाडता झाडता मी काहीतरी वेगळं वाक्य जुळवीन, नीटनेटकं, अर्धंमुर्धं. आत्ता झोपेतून उठलेल्या बाईला जेवढं सांगता येतं तेवढंच सांगायचं. रंजीता बारमध्ये काम करते. बाटल्यांत पाक होता. मला ओततानाच कळलं होतं. उद्या सभेत नाव मी माझं घेणार आहे, आणि गिरजाबाईंनी ते ऐकायला पुढे बसावं.

फोन चार्जिंगला लावलेला आहे. तो काढते आणि इंदुताईंचा नंबर लावते.